पुलियेला हात लावून परत

वर्धा जिल्ह्यात त्या काळी खुर्च्या, बाकं, खाटा, ओटे आणि झाडाखालचे पार यांची काही कमतरता नव्हती; पण या वस्तू कशासाठी केलेल्या असतात हे माझ्या भाटव्यांना आजतागायत कळलेलं नाही. भाटवे म्हणजे आमच्याकडे बहिणीचे यजमान. तर हे माझे भाटवे बसत नाहीत, नुसते टेकतात. आपण ‘या, बसा’ म्हणावं, त्यांनी ‘हो हो’ म्हणत खुर्चीच्या कडेला टेकावं, आणि आपण पाण्याचा पेला आणायला आत वळलो की तेवढ्यात उठून भिंतीवरच्या तसबिरी सरळ कराव्यात. तसबिरी सरळच असल्या तर ते आधी त्या जराशा वाकड्या करतात आणि मग सरळ करतात, असा माझा जुना संशय आहे. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते. जिथं आलेली कुठलीही वस्तू टिकत नाही, पुढंच जाते, अशी ती जागा, आणि भाटव्यांना ती मनापासून मानवली. संत्र्यांच्या पेट्या, कापडाचे गठ्ठे, बदली झालेल्या एखाद्या साहेबाचं आरशाचं कपाट, प्रत्येक नगाला ते हात लावत, इकडचा तिकडे करत आणि पाव्हण्याला निरोप द्यावा तसा गाडीत चढवत. त्यांची खुर्ची मात्र दुकानातून आणली तशीच राहिली होती. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी आलेल्या माणसाला ती नवीन म्हणून मिळाली.

ताईला पाहायला आले त्या दिवशी मी घरात होतो. पोह्यांच्या बशा यायच्या आधी भाटव्यांनी आमच्या बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली दिली होती, कुरकुरणाऱ्या दारासाठी आईकडे गोडं तेल मागितलं होतं, आणि ताई ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा खुर्चीवर कोणीच नव्हतं. त्यांचे काका आणि माझे वडील एकमेकांकडे पाहत बसले होते. नवरदेव परसात विहिरीवर उभे राहून पोहऱ्याच्या दोराला नवी गाठ मारत होते. ताईनं आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते मागच्या खिडकीतून, आणि तेही पाठमोरं. वडील नंतर आईला म्हणाले की पोरगा हुशार दिसते, स्वभावानंही गरीब आहे, पण हा पोरगी पाहाले आलता का घर पाहाले ते काही समजलं नाही. लग्न जमलं. दाराची कुरकुर गेली ती आजतागायत परत आली नाही, हेही सांगून टाकतो.

सिनेमा त्यांना फार आवडे, पण अर्धाच. मध्यंतरापर्यंत ते दाराशी उभं राहून पाहत आणि मध्यंतरात आपली सायकल जागेवर आहे का ते पाहायला जात. सायकल जागेवरच असे, पण तोवर ते रस्त्याला लागलेले असत. त्यामुळे त्या काळातल्या यच्चयावत सिनेमांचा पूर्वार्ध त्यांना तोंडपाठ होता आणि उत्तरार्धासाठी ते माझ्यावर अवलंबून होते. मीही कधी कधी मनाचे शेवट लावून देत असे. एका खलनायकाला मी हरिद्वारला पाठवून संन्यास घ्यायला लावला, तेव्हा भाटवे म्हणाले, “चांगलं केलं त्यानं.” न्हावी त्यांची दाढी एका गालाची झाली की थांबे, कारण भाटवे दुसऱ्या गालाच्या आधी चौकापर्यंत एक चक्कर मारून येत. पंगतीत ते पहिल्या भाताला पानावर दिसत आणि मठ्ठ्यापर्यंत वाढप्याच्या हातातली बादली त्यांच्या हातात आलेली असे. एकदा त्यांना टायफॉइड झाला. डॉक्टरांनी खाट सोडायची नाही अशी सक्त ताकीद दिली, आणि भाटव्यांनी ती अक्षरशः पाळली. त्यांनी खाट सोडली नाही, खाटेलाच आतल्या खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, अंगणातून लिंबाखाली असं फिरवत ठेवलं. फिरवायला मी आणि ताई होतो. आजारपणात माझं वजन त्यांच्यापेक्षा जास्त उतरलं.

या सगळ्याला आम्ही हसत असू. ताईही हसे, पण आमच्यानंतर हसे आणि आमच्याआधी थांबे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

पळण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते सिंदी स्टेशनवर. ताईला घेऊन ते नागपूरहून पॅसेंजरनं येत होते. गाडीत ते प्रत्येक स्टेशनवर उतरत, हे सांगायला नकोच. सिंदीला उतरले, नळाचं पाणी गोड आहे का ते पाहिलं, तिथल्या पार्सलवाल्याशी दोन गोष्टी केल्या, आणि मागं वळून पाहतात तर गाडी सुटलेली. भाटवे पळाले. फलाट संपता संपता त्यांनी गार्डाचा डबा गाठला. गार्डानं हात देऊन वर ओढलं आणि म्हणाला, “क्या दौड़ते हो बाबू, कहीं नाम क्यों नहीं लिखवाते?” या एका वाक्यानं माझ्या भाटव्यांचं आयुष्य बदललं. तिकडे पुढच्या डब्यात ताई पिशव्या सांभाळत वर्ध्यापर्यंत रडत आली. वर्ध्याला हे हसतमुखानं मागच्या डब्यातून उतरले आणि गार्ड काय म्हणाला ते तिला सांगू लागले. ताईनं डोळे पुसले, पिशव्या त्यांच्या हातात दिल्या आणि त्यांच्या पुढं घराकडे चालू लागली.

पुढच्याच आठवड्यात ‘प्रभात धावक मंडळा’ची स्थापना झाली. भाटवे राहत त्या नालवाडीतले लोक त्याला पळपुटे मंडळ म्हणत. आज तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या वर्षांत वर्ध्यात मोठा माणूस विनाकारण पळताना कोणी पाहिलेला नव्हता. बस सुटली, बैल सुटला किंवा कुठं आग लागली तरच माणसं पळत. पहिल्या दिवशी पवनारकडून दुधाच्या कॅन घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्यानं आम्हाला विचारलं की काऊन पयून राह्यले बा, काय झालं. उत्तर द्यायला कोणाजवळ दम नव्हता. त्यानं सायकल झाडाला टेकवली आणि काळजीपोटी तोही सोबत पळू लागला. पार शेवटापर्यंत पळाला, आणि आग कुठंच नाही म्हटल्यावर इतका संतापला की पुढं महिनाभर आम्ही दिसलो की तो सायकलवरून उतरून आमच्याकडे पाठ करून उभा राही.

मंडळात भाटव्यांशिवाय तिघं जण होते. एक सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर. ते पळणं औषधासारखं घेत, रोज एकदा, उपाशीपोटी. दुसरे शाळेतले ड्रॉइंग मास्तर. पवनारच्या बाजूला सूर्य उगवू लागला की त्यांचे डोळे तिकडे आणि पाय खड्ड्यात. तिसरे बँडवाले काका. लग्नाच्या बँडात ते क्लॅरिनेट वाजवत. छातीत दम म्हणाल तर आम्हा सगळ्यांना पुरून उरेल एवढा, पण पायांना सारा जन्म वरातीची सवय. दोन पावलं पुढं, जरा थांबायचं, घोडा आला का पाहायचं, मग पुन्हा दोन पावलं. त्यामुळे ते कायम सगळ्यांच्या मागं असत. मी मंडळाचा चिटणीस. मी सायकलवरून टॉवेल घेऊन येत असे.

पवनारच्या रस्त्यावर एका नाल्यावर पुलिया होती, म्हणजे छोटासा पूल, बसक्या कठड्यांचा, चुन्यानं पांढरा केलेला. तिथपर्यंत पळायचं, असं ठरलं होतं. भाटवे अर्थातच पहिले पोचत. आता पहिल्या माणसानं काय करायचं असतं? कठड्यावर बसून मागच्यांची वाट पाहायची. पण बसणं आणि वाट पाहणं या दोन्ही गोष्टी भाटव्यांना येत नसल्यामुळे ते कठड्यावर थाप मारून उलटे फिरत आणि मागचा जिथं असेल तिथपर्यंत जाऊन त्याला घेऊन पुन्हा पुलियेवर येत. त्यात भूतदया वगैरे काही नव्हती, त्यांना नुसतं उभं राहवत नव्हतं. पण ते उलटे फिरलेले पाहून कंपाउंडरला लाज वाटली, तोही थाप मारून फिरू लागला, मग मास्तर. असं करता करता तो मंडळाचा नियम झाला. पुढं गेलेल्यानं पुलियेला हात लावायचा, परत फिरायचं, मागच्याला गाठायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून पोचायचं. मागचा म्हणजे कायम बँडवाले काकाच. त्यांना घ्यायला रोज पहाटे तीन माणसं उलटी पळत येत आणि काका त्यांचं एखाद्या व्याह्यासारखं हसून स्वागत करत. हे वर्षानुवर्षं चाललं. नियम कसा सुरू झाला ते सगळे विसरले, नियम तेवढा राहिला.

ताईला मात्र या मंडळाचा मनस्वी राग होता. तिनं भाटव्यांना पळताना एकदाही पाहिलं नव्हतं, पाहायची इच्छाही नव्हती. भाटवे पळायला लठ्ठ्याची पांढरीशुभ्र हाफपँट घालत, ती अंधारातही लांबून दिसे. नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून विचारत, तुमचे मालक आज कुठवर पळाले. ताई घागर अर्धी भरूनच घरी येई. आधी तिनं सांगून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला, पण ज्याच्यावर अबोला धरायचा तो माणूस घरात असावा लागतो. शेवटी एक दिवस माझ्यादेखत तिनं त्यांना ओसरीवर अडवलं. नाचणगावच्या पोरांच्या एका मंडळानं चाळिशी उलटलेल्यांसाठी एक शर्यत ठेवली होती, पुलगावच्या हद्दीपासून नाचणगावच्या शाळेपर्यंत, आणि भाटव्यांनी सगळ्या मंडळाची नावं दिली होती. ताई म्हणाली, “मी येतो पाहाले. पहिल्या तिघांत आले, चार लोकांसमोर नाव घेतलं तुमचं, तं मी जन्मात एक सबद नाई बोलणार. नाई आले तं हे पयनं बंद. हाफपँट भांडेवालीले देऊन वाटी घेतो.”

भाटवे तेव्हा टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालत होते. ते वर पाहून म्हणाले, “मंजूर.”

त्या दिवसापासून ते जे काही करत होते त्याला सराव म्हणणं कमीपणाचं ठरेल. ऑफिसला पळत, ऑफिसातून पळत, मालगाडी दिसली तर तिच्या बाजूनं पळत. जेवताना त्यांचा एक गुडघा हले आणि ताटातलं वरण थरथरे. रात्री ताई म्हणे की यांचे पाय झोपेतही चालूच असतात. बाहेरून हा सगळा तमाशा होता, पण मला ठाऊक होतं की माणूस आतून घाबरलेला आहे. पहाटेचं पळणं गेलं तर उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. एकदा सायकलला हवा भरता भरता मला म्हणाले, “तुही ताई खरंच बंद करन का रे?” मी म्हटलं, ती बोलली म्हणजे करेलच.  चाक टम्म झालं तरी ते पंप मारतच राहिले.

शर्यतीच्या सकाळी आम्ही पॅसेंजरनं निघालो. थंडी होती, रुळांच्या बाजूनं तुरी उभ्या होत्या, आणि डब्यात आमच्या मंडळाचा जो काही थाट होता तो पाहून तिकीट तपासनीसही दोन मिनिटं थबकला. मास्तरांनी फलक रंगवून आणला होता. त्यावर एक धावपटू होता आणि त्याचे दोन्ही पाय डावे होते. कंपाउंडरनं ग्लुकोज, आयोडीन आणि पट्ट्यांची एक पेटीच आणली होती. बँडवाले काकांना संध्याकाळी देवळीला लग्न होतं, म्हणून क्लॅरिनेट काखेत. ताई खिडकीशी डबा मांडीवर घेऊन बसली होती, पदर घट्ट, नजर बाहेर. दहेगाव आलं, भाटवे उतरले. कवठा आलं, भाटवे उतरले. दोन्ही वेळा ताईनं खिडकीचा गज धरून ठेवला आणि ते परत चढेपर्यंत सोडला नाही. मी तिला म्हटलं की अगं, आता गाडी सुटली तरी ते मागं राहायचे नाहीत. ती म्हणाली, “तुले काय समजते.”

नाचणगावला शाळेसमोर दोन बांबू रोवून दोरी बांधली होती. मांडव होता, लाउडस्पीकर होता, आणि टेबलावर पहिल्याला पाण्याचा पितळी गुंड, दुसऱ्याला घमेलं आणि तिसऱ्याला बादली अशी बक्षिसं मांडलेली होती. दोरीच्या बाजूला ताई आणि मी उभे राहिलो. तिथून रस्ता सरळ दिसत होता आणि हाकेच्या अंतरावर एका नाल्यावर पुलिया होती. बसक्या कठड्यांची, चुन्यानं पांढरी केलेली. आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या पुलिया तशाच असतात, त्यामुळे तिच्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

लाउडस्पीकरवरून आवाज आला की निघाले. थोड्या वेळानं धूळ दिसली, मग माणसं. सर्वांत पुढं फौजेतून निवृत्त झालेला एक मिशाळ गृहस्थ. त्याच्या मागं धोतर खोचलेला एक अनवाणी शेतकरी, आणि तिसरी ती पांढरी हाफपँट. भाटव्यांच्या मागं कंपाउंडर, त्याच्या मागं मास्तर, आणि मग बऱ्याच अंतरापर्यंत कोणीच नाही. भाटवे असे काही सुटले होते की मला ओरडायचंही सुचेना. मी ताईकडे पाहिलं. तिनं पदर दातांत धरला होता आणि डोळे रस्त्यावरून हलत नव्हते. ते आले तर तिची हार होती, तरी तिच्या तोंडून ‘या, या’ असं काहीतरी निघत होतं. फौजी पुलियेवरून गेला. शेतकरी गेला. भाटवे आले, वाकले, डाव्या कठड्यावर एक सणसणीत थाप मारली आणि उलटे फिरले.

मला क्षणभर काही कळेना. तोवर कंपाउंडर पुलियेवर आला, त्यानं थाप मारली आणि तोही फिरला. मग मास्तर. तिघंही आले त्याच वेगानं, मान खाली घालून, पुलगावच्या दिशेनं निघून गेले.  मांडवातला एक म्हातारा म्हणाला की काऊन वापस गेले हे, मांगं काही राह्यलं का. दुसऱ्यानं सांगितलं की मागं नक्की अपघात झाला. लाउडस्पीकरवाल्यानं लोकांनी शांतता राखावी, घाबरून जाऊ नये असं अशा आवाजात सांगितलं की निम्मे लोक घाबरून रस्त्यावर धावले. कोणीतरी डॉक्टरांना आणायला खासराला बैल जुंपायला घेतले. अनवाणी शेतकरी दोरीपासून दहा पावलांवर थांबून मागं काय झालं ते पाहू लागला. त्याला बाजूला सारून मागून आलेले दुसरेच दोघं दोरीला लागले, आणि त्यातल्या एकाला भाटव्यांची बादली मिळाली. मी कपाळाला हात लावला. ताई मला विचारत होती, “कुठं गेले? कुठं गेले रे हे?”

मग मी तिला सांगितलं. पुलियेचं, थापेचं, मागच्याला घेऊन येण्याचं, सगळं. रोज असंच करतात, असं म्हणालो. ती रस्त्याकडे पाहत राहिली.

तिकडे काय झालं ते बँडवाले काकांनी नंतर सांगितलं. ते आपल्या वरातीच्या चालीनं येत होते. समोरून तिघं येताना दिसले आणि त्यांना नेहमीसारखा आनंद झाला. भाटवे त्यांच्याजवळ येऊन वळले, शेजारी पळू लागले, आणि काका दम सांभाळत म्हणाले, “भाऊ, आज तं शर्यत होती ना?” भाटवे जागच्या जागी उभे राहिले. काका सांगतात की हा माणूस स्तब्ध उभा असलेला त्यांनी तेवढाच पाहिला. कंपाउंडर आणि मास्तर एकमेकांवर आदळले. मग भाटवे म्हणाले, “पायाले काय मालूम, शर्यत आहे म्हून. पुलिया दिसली, पाय फिरले.” आणि काकांना म्हणाले, “चला. आता एकट्यानं कायले जाता.”

चौघंही एका ओळीत आले, काकांच्या चालीनं. दोरी केव्हाच पडलेली होती. लोकांना एव्हाना सगळा प्रकार समजला होता. हसून हसून काही जण खाली बसले होते, पण टाळ्याही वाजल्या. काकांनी क्लॅरिनेट माझ्याजवळ ठेवायला दिली होती ती घेतली आणि शर्यत संपल्याची म्हणून वरातीची एक धून वाजवून टाकली. भाटवे हसत नव्हते. ते थेट ताईसमोर आले. घाम गळत होता, मान खाली. म्हणाले, “सांगतलं थे सांगतलं. उद्यापासून बंद.” ताईनं त्यांना टॉवेल दिला.  झाडाखाली डबा उघडला, झुणका-भाकर खाल्ली, मंडळी एकमेकांना दोष देत होती की आधी थाप कोणी मारली. भाटव्यांनी अर्धी भाकर खाल्ली आणि तिसरा आलेल्या माणसाला बादली उचलून सायकलला बांधायला मदत करायला गेले. त्यांची बादली ते दुसऱ्याच्या कॅरिअरला बांधत होते, आणि गाठ पक्की मारत होते. मला ते पाहवलं नाही.

संध्याकाळी पुलगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो. काका देवळीला गेले होते. कंपाउंडर आणि मास्तर लांबच्या बाकावर फलकाची गुंडाळी करत होते. भाटवे फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत, सिग्नल पडला का पाहत. ताई माझ्या शेजारी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ ती त्यांच्याकडे पाहत होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मले वाटे, यायले घरात करमत नाई म्हून पयतात. मीच नाई आवडत म्हून पयतात. मांगच्यासाठी वापस फिरतात, हे मले कोनी सांगतलंच नाई रे.”

तो नियम खरा कुठून आला ते मला माहीत होतं. वाट पाहणं जमत नव्हतं म्हणून हा माणूस फिरत होता, एवढंच. मी तोंड उघडलंही होतं. पण ताईचा चेहरा पाहिला आणि मिटलं. इतकी वर्षं रोज पहाटे पाय मागच्यासाठी फिरत असतील, तर डोक्यात काय होतं याला फारसा अर्थ उरत नाही, असं मला त्या फलाटावर वाटलं. आजही वाटतं. माझ्या बहिणीनं एवढा मोठा काळ स्वतःला असं काही समजावून ठेवलं होतं आणि आम्ही सगळे नुसते हसत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

भाटवे आमच्यापुढं येऊन उभे राहिले. गाडीला उशीर आहे म्हणाले. जायला वळले नाहीत. गुडघा हलत होता, हातानं टॉवेलच्या कडा ओढत होते, आणि ताई काय बोलते याची वाट पाहत होते. ताईनं डब्याची कडी लावली आणि विचारलं, “उद्या किती वाजता उठवू?”

 सिग्नल पाहून येतो म्हणून ते घाईघाईनं फलाटाच्या टोकाकडे निघून गेले. सिग्नल तर आमच्या बाकावरूनही दिसत होता.

त्यानंतर ताई रोज पहाटे त्यांना उठवत असे, चहा देऊन दारापर्यंत येत असे. मंडळ पुष्कळ वर्षं चाललं. मग बदल्या झाल्या, गुडघे गेले, काका गेले. ताई जाऊनही आता बराच काळ लोटला. कधी मी नालवाडीला मुक्कामाला गेलो की पहाटेच्या अंधारात भाटव्यांची चाहूल लागते. पळणं आता राहिलेलं नाही, चालून येतात. घड्याळाला गजर आहे, पण तो वाजायची वेळ येत नाही. उठवायला कोणी नाही, म्हणून ते जरा लवकरच उठतात.